शेजाऱ्याने बांधलेला तंग

एका राज्यात चांदीचे एक रणशिंग होते, आणि ते वाजले की त्या राज्याची सेना वेशीतच अडकून पडे.

त्याला कारण घडले होते. तिथल्या राजाने डोंगरातल्या मांत्रिकाकडून ते शिंग एका लढाईपुरते मागून आणले आणि लढाई जिंकल्यावर परत दिले नाही. मांत्रिक वेशीपाशी आला. म्हणाला, "राजा, मी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला. आता तुझ्या सेनेत विश्वास उरणार नाही." एवढे बोलून तो गेला. शिंगाची चांदी त्याच क्षणी काळी पडली.

तेव्हापासून कोणतेही रणवाद्य वाजो, स्वार घोड्यावर बसला की त्याला एकच शंका खाई. आपला तंग ढिला आहे! तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा. स्वार उतरे, तंग आवळी, पुन्हा चढे. चढला की शंका पुन्हा येई. वेस काही ओलांडली जात नसे.

अशाच एका सकाळी नदीपलीकडचे लुटारू आले. वरचे गाव जळाले. वेशीत खोळंबलेल्या सेनेने तो धूर पाहिला. सिदोजी नावाच्या स्वाराची आई त्या गावात होती. त्या सकाळी सिदोजीने तंग इतका आवळला की घोडा कळवळला.

राजा त्या दुःखात गेला. त्याची मुलगी कनकावली राणी झाली. ती शिंग घेऊन एकटी डोंगर चढली.

"तुमची वस्तू तुम्ही घ्या," ती म्हणाली. "शाप तेवढा काढा."

मांत्रिक म्हणाला, "वस्तू परत देता येते, मुली. गेलेला विश्वास असा परत मिळत नाही. रणशिंग वाजल्यावर ज्या दिवशी तुझे स्वार तंगाकडे न पाहता वेस ओलांडतील, त्या दिवशी शाप सुटेल. शिंग तेव्हा आण."

राणीने हुकूम काढला की कोणी खाली पाहू नये. हुकूम सर्वांनी ऐकला. रणवाद्य वाजताच हात मात्र तंगाकडेच गेले. विश्वास हुकमाने येत नाही, तो अंगवळणी पाडावा लागतो, हे राणीला त्या दिवशी कळले. तिने नवा रिवाज घातला. यापुढे आपला तंग आपण बांधायचा नाही. तो शेजारच्या स्वाराने बांधायचा.

सिदोजीच्या शेजारी होता हैबत, थट्टेखोर आणि धांदरट.

"बाईसाहेब, मला दुसरा कोणी द्या," सिदोजी म्हणाला.

"लढाईत शेजारी निवडता येत नाही, सिदोजी."

पहिली कसोटी मैदानावर झाली. हैबतने गप्पा मारता मारता तंग बांधला. पहिल्याच वळणावर खोगीर फिरले आणि सिदोजी चिखलात पडला. सारे हसले.

"काय सिदोजीराव, जमीन मऊ आहे ना?" हैबत ओरडला.

सिदोजी उठला. तोंडावरचा चिखल पुसत म्हणाला, "माझी आई जळत होती तेव्हा मी तंग आवळत होतो, हैबत. आता बहीण तेवढी उरली. सगुणा. नदीच्या उतारावर, पाणी उथळ आहे तिथे, तिचे घर आहे. तिचा जीव तुझ्या या हातात आहे. हस."

हैबत हसला नाही. त्या दिवसापासून तो तंग आवळून पट्ट्याखाली दोन बोटे घालून पाही आणि एकच शब्द बोले, "बांधला."

दुसरी कसोटी घळीत होती. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खोल दरी. सिदोजी पडला नाही, पण त्याची मान खाली वळली.

"पाहिलंस," हैबत म्हणाला.

"पाहिलं."

"चल मग. पुन्हा जाऊ."

किती वेळा गेले, याची गणती नाही. घळीतले गवत झिजले, पांढरी पायवाट पडली, तेव्हा सिदोजीची मान ताठ राहिली.

तिसरी कसोटी वेळेची. राणी कधीही हाक देई, कधी पहाटे, कधी घास तोंडाशी असताना. आरंभी सेना निघेपर्यंत चुलीवरचा भात शिजून होई. मग हळूहळू असे झाले, की तव्यावरची भाकरी उलटायच्या आत वेस मोकळी होई. पण हा सारा सराव राणीच्या हाकेवर. शिंग अजून वाजले नव्हते.

सीमेवर एक टिटवी राहत असे. ती राखण करी आणि माणसांसारखे बोले. एका दुपारी ती राणीच्या खांद्यावर येऊन बसली.

"लुटारू घाटावरून निघाले. उताराकडे वळले," ती म्हणाली.

स्वार कुरणभर पांगले होते. हाक पोचण्याजोगी नव्हती. राणीने काळे शिंग ओठाला लावले.

शिंग वाजले. स्वार धावले, तंग बांधले गेले, सारे घोड्यांवर चढले. आणि ती जुनी शंका आली. रांगेतले सगळे हात लगामावरून सुटू लागले. हैबतचाही चेहरा उतरला.

"सिदोजी," तो पुटपुटला, "माझा तंग..."

सिदोजीलाही तीच शंका खात होती. त्याला सगुणाचे घर दिसत होते, आणि त्यामागे वरच्या गावाचा धूर. तरी त्याने मान वळवली नाही.

"बांधला," तो म्हणाला. "मी बांधलाय. आणि माझा?"

"बांधला."

शेजाऱ्याने शेजाऱ्याला विचारले, शेजाऱ्याने उत्तर दिले. बांधला, बांधला, असा शब्द रांगेच्या टोकापर्यंत गेला, आणि घोडे उधळल्यासारखे वेशीतून बाहेर पडले. तव्यावरची भाकरी अजून उलटायची होती. राणीच्या हातातले शिंग पांढरे झाले.

लुटारू नदीच्या मध्यावर होते. आजवर त्यांच्या वाटेत कोणी आले नव्हते. काठावर घोड्यांची रांग पाहून निम्मे तिथूनच फिरले. उरलेल्यांशी संध्याकाळपर्यंत झुंज झाली. त्या गोंधळात काठावरून पळताना सगुणा पाण्यात पडली आणि धारेत ओढली गेली. सिदोजीने रिकिबीत पाय रोवले, खोगिरावरून पाण्यापर्यंत वाकला आणि तिचा हात धरला. दोघांचा भार त्या एका पट्ट्यावर आला. खोगीर हलले नाही.

"आलास, दादा," सगुणा म्हणाली, आणि मग रडली.

काठावर येऊन सिदोजी उतरला. त्याने पट्ट्याखाली हळूच दोन बोटे घातली.

"आता बघतोस होय?" हैबत म्हणाला. त्याचा दंड फडक्याने बांधलेला होता.

"आता उतरलोय. आता बघायला हरकत नाही."

राणी शिंग घेऊन डोंगर चढली. मांत्रिकाने ते उपरण्याने पुसून कोनाड्यात ठेवले.

"उशीर झाला," तो म्हणाला.

"झाला," राणी म्हणाली, आणि तिने मान खाली घातली.

त्या राज्यात आजही कोणी स्वार आपला तंग आपण बांधत नाही. वरचे गाव पुन्हा वसले आहे. तिथल्या चुलींचा धूर सकाळी वेशीतून दिसतो, आणि पहाऱ्यावरचे शिपाई तो घटकाभर पाहत उभे राहतात.