विहिरीला दाखवून

“माई, मोरीत मुंग्या कशा?”

प्रणिता हातातला तांब्या तसाच धरून उभी राहिली. मोरीच्या दगडावर काळी रेघ हलत होती. परवाच तिने ती धुऊन काढली होती. आज ती बरोब्बर तिथेच परत आली होती.

“त्यांनाच विचार,” आतून गिरजामाई म्हणाल्या. “मी काही आवतण दिलं नव्हतं.”

तिथे गूळ सांडला नव्हता, साखर सांडली नव्हती. माई रात्रीतून चार-पाच वेळा लघवीला उठायच्या. त्या दगडावर पडत होतं ते तेवढंच.

प्रणिताच्या हातून तांब्या पडला. त्या आवाजाने तीच दचकली.

आहारशास्त्राची पदवी घेतलेल्या पोरीला मुंग्यांचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. 

“माई, पाय दाखवा.”

“कशाला?”

“दाखवा ना.”

माईंनी डावा पाय पुढे केला. पंधरा दिवसांपूर्वी टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. काटा निघाला, भोक राहिलं. आता त्याच्या कडा काळ्या पडल्या होत्या.

“दुखतंय?”

“नाही.”

“अजिबात?”

“अजिबात. बरंच आहे की.”

प्रणिताला ते बरं वाटलं नाही.

ही मठी गावाबाहेर, एका जुन्या बारवेच्या, पायऱ्यांच्या विहिरीच्या काठावर. एक खोली, एक ओटा. प्रणिता तीन वर्षांपूर्वी इथे आली. कॉलेजात शेवटच्या वर्षी तिला दाराची कडी वाजली तरी घाम फुटायचा. मठीला दारच नव्हतं, म्हणून ती राहिली.

मठीचे नियम दोनच. झोळीत पडेल ते घ्यायचं, नको म्हणायचं नाही. आणि आणलेलं सगळं एका फडक्यात बांधून बारवेच्या पाण्यात तीनदा बुडवायचं, मग खायचं.

लोक म्हणत, चव जावी म्हणून. चव गेली की जिभेची ओढ जाते.

माई म्हणत, “तसलं काही नाही. आमचे गुरू म्हणायचे, जे खातो ते विहिरीला दाखवून खावं. एवढंच.”

का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. प्रणितानेही विचारलं नाही. तिला वाटे, आपल्याला कळलंय.

आरोग्यकेंद्रातल्या सिस्टर दहाच्या सुमारास आल्या. बोटाला सुई टोचली, पट्टी लावली, यंत्राकडे पाहिलं, पुन्हा पट्टी लावली.

“साखर चारशेच्या वर आहे,” त्या प्रणिताला बाजूला घेऊन म्हणाल्या. “हे आजचं नाही. वर्षं झाली असतील. तू शिकलेली ना गं? रोज जवळ असतेस, दिसलं नाही तुला?”

प्रणिताने यंत्रावरचा आकडा स्वतः वाचला.

“गाडी उद्या दुपारी मिळेल. तोवर पाय खाली टेकवू देऊ नकोस. उशीर झाला तर पाय जाईल. पायावरच भागलं तर देवाची कृपा म्हणायची.”

माईंनी सगळं ऐकलं होतं. म्हाताऱ्या माणसाला हळू बोललेलं आधी ऐकू येतं.

“जाईन की गाडीत,” त्या म्हणाल्या. “घास खाऊन जाईन.”

“मग खा आत्ताच. मी आणलंय सकाळी.”

“आधी विहिरीला दाखव.”

प्रणिताने फडकं बांधलं. दोर घेतला; पायऱ्या होत्या, पण रीत काठावरून सोडायची. मूळचा दोर माईंच्या गुरूंच्या वेळचा, अंबाडीचा, बारा हातांचा. पाणी खाली गेलं तसा तो लांबत गेला. आधी काथ्या जोडला, मग लुगड्याची पट्टी, मग निळं नायलॉन. नऊ गाठी झाल्या होत्या. शेवटच्या तीन प्रणिताच्या हातच्या.

ती काठावरून दोर सोडत गेली. नववी गाठ हातातून सरकली.

खालून आवाज आला... दगडावर आपटल्याचा.

फडकं वर आलं. कोरडं.

तिने आणखी एकदा सोडलं, जरा बाजूला. पुन्हा तोच आवाज.

“खाली कोपऱ्यात थोडं चमकतंय,” ती म्हणाली. “दोर तिथवर जात नाही. आणखी एक तुकडा बांधते.”

“कुठवर बांधशील?”

“मग गावातून पाण्याचा जार आणते. फडक्यावर ओतते.”

“ते पाणी विहिरीनं पाहिलंय का?”

“माई, हा हट्ट आहे.”

“असेल.”

माईंनी तोंड फिरवलं नाही, रागही आणला नाही. नुसत्या बसून राहिल्या. कोरडं फडकं दोघींच्या मध्ये होतं.

प्रणिताने ते सोडलं. आत काय होतं ते तिला माहीत होतं, तरी सोडलं. पांढरा भात. साखरेचा शिरा. मूठभर बुंदी. कुणाच्या तरी बारशाचे दोन गुलाबजाम, पाक सगळ्याला लागलेला.

“बघा,” ती म्हणाली. शिकलेलं बोलायला मिळालं की तिचा आवाज आपोआप चढायचा. “हे तुम्ही रोज खाताय. आणि नुसता तुमच्या पायाचाच प्रश्न नाही. एक किलो साखरेमागे दीड-दोन हजार लिटर पाणी जातं. भातामागेही तेवढंच, जास्तच. खालच्या गावात बांधाबांधाला बोअर आहे, सगळीकडे ऊस. आपल्या बारवेचं पाणी तिकडे ओढलं गेलं, उसात गेलं, उसातून साखरेत गेलं, आणि साखरेतून या फडक्यात आलं.”

माई ऐकत होत्या.

“म्हणजे विहीरच बांधून आणलीस तू.”

“...हो. तसंच.”

“मग विहीर विहिरीत कशी बुडवायची?”

प्रणिताला रडू येत होतं, म्हणून ती चिडली.

“मी काय करू, माई? भिक्षेला निवड नसते. तुमचाच नियम आहे. जे वाढतील ते मी आणते.”

“नसते निवड.”

“मग?”

माईंनी बुंदीचा एक दाणा उचलला, पाहिला, परत ठेवला.

“मठीतून वाटा किती निघतात?”

“दोन.”

“कुठं जातात?”

“एक कालव्याकडून खालच्या गावात. एक टेकडीवर, वरच्या वस्तीला.”

“तू कुठल्या वाटेनं जातेस?”

“...कालव्याच्या.”

“रोज?”

“रोज.”

“वरच्या वस्तीत काय शिजतं?”

प्रणिताला ते चांगलं ठाऊक होतं. पहिल्या महिन्यात ती दोनदा तिकडे गेली होती. ज्वारीची भाकरी. हुलग्याचं पिठलं. अंबाडीची भाजी, वर ठेचलेला लसूण. जे पावसावर येतं तेच.

“भाकरी,” ती म्हणाली.

“मग गेली का नाहीस?”

...

“कुत्री होती, माई.”

माई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

“दोन काळी कुत्री. वस्तीच्या तोंडाशीच. मी लांबून दिसले की अंगावर यायची. मला... मला तुम्ही कधी विचारलं नाहीत. मला वाटलं, तुम्हाला काय, कुठूनही आणलं तरी...”

ती थांबली. तीन वर्षं. दिवसाला एक झोळी.

“तुम्हाला माहीत होतं?”

“फडकं मीच सोडते ना गं.”

“मग बोलला का नाहीत?”

माईंनी काळा पडलेला पाय हाताने उचलून मांडीवर घेतला, जसं एखाद्याचं रडतं मूल घ्यावं.

“चावायची नाहीत ती,” त्या म्हणाल्या. “नुसती भुंकायची.”

त्या दिवशी माई जेवल्या नाहीत. प्रणिताने फडक्यातलं सगळं नेऊन कालव्याकाठी गाईला घातलं. गाईने आनंदाने खाल्लं. तेही तिला बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने झोळी घेतली.

“गाडी दुपारी येणार,” ती म्हणाली. “त्याआधी वरून भाकरी आणते. दोर लांबवते, विहिरीला दाखवते. तुम्ही घास खा आणि चला. चालेल ना?”

माईंनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

टेकडीची वाट उभी होती. प्रणिताने हातात एक काठी घेतली, मग टाकून दिली, मग परत जाऊन उचलली. वळण आलं. ते कौठाचं झाड आलं. इथूनच ती कुत्री अंगावर यायची.

कुणी आलं नाही.

ती थांबली. कान देऊन ऐकलं. भुंकणं नाही. जातं नाही, कोंबडं नाही. तिला आयुष्यात पहिल्यांदा कुत्री भुंकावीत असं वाटलं.

पहिल्या घरासमोर ती उभी राहिली.

“भिक्षा वाढा, माय.”

दाराला कुलूप होतं. कुलपावर कोळ्याने जाळं विणलं होतं.

दुसऱ्या घरासमोर.

“भिक्षा वाढा, माय.”

तिसऱ्या. चौथ्या. चुलीवर पालापाचोळा. उखळात धूळ. अंगणातल्या दोरीवर एक झबलं राहून गेलेलं, उन्हाने पांढरं पडलेलं. वस्तीच्या मधली विहीर तिने वाकून पाहिली. तळाशी कातळ होता. कातळावर एक बादली उपडी पडली होती.

अकरा घरं होती. अकराव्या घरासमोरही तिने हाक दिली. नियम होता म्हणून नाही. घाबरून.

“कुणाला हाका मारतीस गं?”

ती किंचाळलीच. मागे एक मेंढपाळ बाई उभी होती, पंचावन्नएक वर्षांची, खांद्यावर घोंगडं, मागे पाच-सहा मेंढरं.

“इथली माणसं कुठं गेली?”

“कोयता घेऊन गेली की. दिवाळीच्या आदीच.”

“सगळी?”

“सगळी. हिर आटली, ज्वारी करपली, मग काय दगडं खायाची व्हती? उचल घेतली न् गेली ऊस तोडाया. तुमच्या त्या खालच्या गावातबी हाईत दोन जोड्या. बगितली न्हाईस का? रोज जातीस म्हनं तिकडं.”

प्रणिताने पाहिली होती. कालव्याच्या काठाला पालं होती. ती रोज त्यांच्या बाजूने जायची आणि पुढच्या बंगल्यांसमोर हाक द्यायची.

“आणि कुत्री?”

“आता ती काय हितं कुलपं राकीत बसतील? गेली मालकामागं.”

बाईने तिच्या रिकाम्या झोळीकडे पाहिलं. कमरेची पिशवी चाचपली आणि बिस्किटांचा एक पुडा काढला. अर्धा संपलेला, क्रीमचा.

“घे. मलाबी हेच हाय दुपारला. भाकरी कोन थापतंय एकलीसाठी? तुज्या बाईला दे.”

प्रणिताचा हात सवयीने पुढे झाला.

...

“नको,” ती म्हणाली.

तीन वर्षांत हा शब्द तिने भिक्षेला गेल्यावर एकदाही उच्चारला नव्हता. बाई बघतच राहिली.

“अगं बया. मागती बी न् नको बी म्हनती? नवंच शास्तर निगालं तुमचं.”

तिने पुडा परत कमरेला खोचला आणि मेंढरांना हाकारलं. प्रणिता पळत सुटली होती.

ऊन चढलं होतं. कालव्याच्या बाजूने गाडीचा हॉर्न ऐकू आला, लांबून, दोनदा. ती ओट्यावर चढली.

“माई.”

ओट्यावर माई नव्हत्या. खोलीत अंथरूण घडी घालून ठेवलं होतं. मोरीत मुंग्याही उरल्या नव्हत्या. दगड कोरडा होता.

“माई!”

मग तिला धुळीतल्या खुणा दिसल्या. एक पाऊल, एक फरफट. एक पाऊल, एक फरफट. ओट्यापासून बारवेकडे.

काठावर दोर नीट गुंडाळून ठेवला होता. नऊच्या नऊ गाठी सोडलेल्या, अंबाडी अंबाडीशी, काथ्या काथ्याशी, नायलॉन नायलॉनशी.

बारवेला पायऱ्या होत्या. वरच्या झिजलेल्या, खड्डे पडलेल्या, शेकडो वर्षांच्या पायांनी. खालच्या मात्र कोऱ्या, पाथरवटाच्या छिन्नीची धार अजून अंगावर असलेल्या. त्यांवर कधी कुणी पाय ठेवलाच नव्हता. त्या कायम पाण्यात होत्या.

आता त्यांवर एका बाजूने काळसर ओले डाग पडत गेले होते, पायरीमागून पायरी, खाली अंधारापर्यंत.

“माई...”

तिचाच आवाज फिरून वर आला.

“माई, मी आले.”

पुन्हा तिचाच.

ती पहिल्या पायरीवर बसली. झोळी मांडीवर घट्ट धरली, जणू तीही निघून जाईल. गाडी मठीपुढे येऊन थांबल्याचं तिने ऐकलं. गाडीचं दार उघडल्याचं ऐकलं. सिस्टर कुणाशी तरी बोलत होत्या.

“माई, ओ द्या ना. वर कुणी नाही. सगळ्या वस्तीत मी हाका मारल्या, कुणीच ओ दिली नाही. तुम्ही तरी द्या.”

खाली काहीतरी हललं. पाण्यात हात फिरवावा, इतकंच.

मग आवाज आला. नेहमीचा. शांत, थोडा दमलेला.

“रिकामी आलीस?”

“...हो, माई.”

खाली पुन्हा पाणी हललं.

“विहीर बांधून आणली नाहीस. मग आज पाणी पुरेल.”