बिनखिडकीची व्हॅन

“...म्हणजे मालवाहू व्हॅनलाच आतून घर करून घ्यावं, की आत राहायची सगळी सोय असलेला तयार कॅम्पर विकत घ्यावा, आक्का?”

कोयनेकाठच्या मठातल्या गोदाआक्का ओट्यावर पावटे सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“की गाडीमागे ओढायची कॅरॅव्हॅन बरी? पण घाटात ती मागे खेचते म्हणतात. भाड्याची घ्यावी, तर...”

विद्याधर खांबेट्यांचं एका प्रश्नावर कधी भागत नसे. गृहस्थ निवृत्त इंजिनिअर. जुनी व्हॅन घेऊन बसले होते, आणि घेतल्या दिवसापासून आपलं चुकलं तर नाही ना, या धास्तीने त्यांची झोप उडाली होती.

“एवढी घाई कसली हाय?” आक्कांनी विचारलं.

खांबेट्यांचा आवाज खाली आला.

“नलूची नजर जातेय. डॉक्टर म्हणाले, जे पाहायचं ते लवकर पाहून घ्या. तिला हिमालय पाहायचाय. पण रोज नव्या लॉजची नवी खोली म्हटलं की ती चाचपडते, घाबरते. म्हणून म्हटलं, घरच बरोबर न्यावं. एकदाच जमणार आहे हे, आक्का. चुकलं तर?”

“मग अडलंय कुठं?”

“पलंगावर. झोपताना डोकं उत्तरेला येता कामा नये. आडवा ठेवला तरी पंचाईत, उभा ठेवला तरी पंचाईत.”

“आन् गाडी वळली की?”

हे खांबेट्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आक्का हसल्या नाहीत. पदराला हात पुसत त्या अंगणात उभ्या असलेल्या व्हॅनपाशी गेल्या. पुढच्या सीटवर खांबेट्यांच्या पत्नी नलिनीबाई बसल्या होत्या. आक्कांनी त्यांना हाताला धरून मागच्या बाजूने आत नेलं, घोंगडी टाकून बसवलं आणि स्वतः खाली उतरल्या.

“तूबी चढ.”

“अहो, आत अजून काहीच केलेलं नाही, नुसता पत्रा आहे...” असं म्हणत खांबेटे चढले.

आक्कांनी बाहेरून दार लावलं.

मिट्ट काळोख. मालाची गाडी ती, तिला खिडकी कुठली असणार? खांबेटे भिंत शोधायला गेले, तर गुडघा चाकावरच्या उंचवट्यावर आपटला.

“आक्का! दार उघडा!”

खांबेट्यांनी पत्र्यावर थापा मारल्या.

“अहो, इकडे या,” नलिनीबाई म्हणाल्या. “जरा वाकून. अजून थोडं डावीकडे. हं, द्या हात.”

आवाज शांत होता. पण खांबेट्यांचा हात त्यांनी घट्ट आवळून धरला. रोज असंच होत असेल का हिला, या विचाराने खांबेट्यांना रडू आलं.

काही वेळाने दार उघडलं. ते घामाने निथळत होते, पण बायकोचा हात त्यांनी सोडला नव्हता.

“आधी खिडकीच काढतो, आक्का. बाकीचं राहू दे. फक्त एवढं सांगा... कुठल्या बाजूला काढू?”

“बघायचंय तिला,” आक्का म्हणाल्या, “आन् इचारतोस मला?”