काळुंद्रीच्या शिंगाची मूठ

नदीला पूल झाला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली, ते सांगणारं माणूस आता उरलेलं नाही.

कडवेवाडीत हरबा न्हावी राहायचा. त्याच्या धोकटीत आज्याचा वस्तरा होता. त्या वस्तऱ्याखाली बसलेला माणूस दाढी होईस्तोवर पेंगायला लागायचा, असं म्हणतात. आणि त्या काळी न्हावी नुसती दाढी करत नसे. कुणाला गळू झालं, काटा खोल रुतला, तरी लोक त्याच्याकडेच जायचे.

एका श्रावणात नदी गावात शिरली. हरबाचं घर पहिल्याच लोंढ्यात गेलं, धोकटीही गेली. हरबा आणि त्याची बायको येसू घरच्या म्हशीच्या पाठीवर चढून बसली. काळुंद्री त्या म्हशीचं नाव. हरबानं तिची शिंगं घट्ट धरली आणि ती पोहत पोहत दोघांना देवळाच्या टेकडीशी घेऊन आली. तिथं जी खाली बसली, ती पुन्हा उठली नाही.

पाणी ओसरलं, घरं पुन्हा उभी राहिली. पण हरबाचे हात थरथरायला लागले ते थांबेनात. लोकांनी आधी दाढ्या वाढवल्या, मग लाजत लाजत शेजारच्या गावी जाऊ लागले. हरबा ओट्यावर बसून राहायचा. काळुंद्रीची शिंगं त्यानं आढ्याला टांगली होती. त्यांना तो कुणाला हात लावू देत नसे.

पुढं नांगरताना कुणाच्या तरी फाळाला तो वस्तरा लागला. लाकडी मूठ कुजून गेलेली, पातं गंजून काळं पडलेलं. लोक म्हणाले, टाकून दे, बाजारातून नवा आण. येसूनं मात्र तो पदरात घेतला आणि वर शिंगांकडे पाहिलं. हरबाला कळलं. तिच्या अंगाला मी हत्यार लावणार नाही, म्हणाला.

"तिनं तुम्हाला पाठीवर घेतलं," येसू हळूच म्हणाली. "आता तुम्ही तिला हातात घ्या."

हरबा पोटभर रडला आणि कामाला लागला. शिंग कापलं, उकळत्या पाण्यात मऊ केलं, दोन पट्ट्या काढून दगडाखाली दाबून सरळ केल्या. कानशीनं घासल्या, राखेनं आणि तेलानं चोळल्या, तेव्हा त्यांना डोहातून निघालेल्या म्हशीसारखी चकाकी आली. पात्याचा गंज विटेच्या पुडीनं उतरवला, दगडावर धार केली, दोन्ही पट्ट्यांमध्ये पातं बसवून पितळेची खीळ ठोकली. हात ऐकत नव्हते, म्हणून दिवाळीत धरलेलं काम होळीला पुरं झालं.

त्याच सुमारास भागा तेलिणीच्या मानेला गळू झालं. घास उतरेना, आणि मांडीवर तान्ही पोर. शेजारगावच्या न्हाव्यानं, शीर जवळ आहे, म्हणून हात जोडले. नवऱ्यानं तिला हरबाच्या दारात आणून बसवलं. हरबानं आपले हात पुढं करून दाखवले. ते हलत होते.

"भाऊ, मला दिसतंय," भागा म्हणाली. "तरी तुम्हीच करा."

हरबानं वस्तरा उचलला. मूठ कोमट लागली, जित्या जनावराच्या अंगासारखी. बोटांतली थरथर मनगटाशी आली, कोपराशी आली आणि कुठं गेली ते त्यालाही कळलं नाही. त्यानं एकच रेघ ओढली. भागा पुढं नातवंडांना सांगायची, पातं मला लागलंच नाही, मानेवर म्हशीनं उसासा टाकावा तशी ऊब आली तेवढी.

मग काय, लांबलांबून लोक यायला लागले. थंडीत तर काही जण दाढी नसतानाही ती मूठ गालाला लावून घ्यायला यायचे, असं म्हणतात. हरबा त्यांनाही नाही म्हणत नसे.

कडवेवाडीत आजही बाळाचं जावळ काढायचं असलं, की आधी न्हावी मिटलेला वस्तरा आईच्या हाती देतो. ती मूठ तळहातात धरून ऊब देते, बाळाच्या गालाला लावते आणि म्हणते, "भिऊ नको, हरबाबाचा हात आहे."

बाळ रडायचं ते रडतंच. पण त्या गावात आजवर एकाही लेकराला वस्तरा लागलेला नाही, असं म्हणतात.