ठोक्याचा घण

"...म्हणजे या खेळात न फुटणारं असं काहीच नाही?"

"काहीच नाही, बुवा," निनाद म्हणाला. "भिंत, जिना, पूल, पायाखालची फरशीसुद्धा. उड्या मारत पुढे जायचं आणि आड येईल ते फोडायचं."

कान्हूबुवांनी मान हलवली.

त्यांचा मठ म्हणजे माळावरची एक पत्र्याची खोली आणि पुढे ओटा. निनाद कॉलेजात असल्यापासून इथे यायचा, पण गाडं अडलं की. सगळं सुरळीत चाललेलं असताना त्याला मठाकडचा हा चढ कधी आठवला नाही.

या खेपेला गाडं पुरतं रुतलं होतं. तीन वर्षं खपून त्याने एक गेम केला होता. शुक्रवारी तो लोकांच्या हाती जायचा होता आणि खेळून बघायला बोलावलेली माणसं अर्ध्या तासात उठून जात होती. मजा आली म्हणायची, पण पुन्हा कुणी उघडायचं नाही. दोघे भागीदार वैतागून सोडून गेले होते. आता गेमही पडला, तर निनादच्या अंगात दुसरा करायचं त्राण नव्हतं.

"एवढंच सांगा, बुवा. लोकांना आणखी काय फोडायला देऊ? डोंगर देऊ? धरण देऊ?"

"बघू दे."

निनादने घोंगडीवर लॅपटॉप ठेवला, कुठली बटणं दाबायची ते दाखवलं आणि बुवांच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. गेम करणाऱ्यांच्या धंद्यातला हा रिवाजच. खेळणाऱ्याच्या मागे थांबायचं, तो कुठे अडतो ते बघायचं, तोंड मात्र उघडायचं नाही.

पडद्यावर ठोक्या आला. वीतभर माणूस, खांद्यावर घण.

बुवांनी बटण दाबलं. भिंत कोसळली. विटा उडाल्या, धुरळा उठला. बुवा खुदकन हसले.

मग जिना गेला. मग बुरूज. मग पूल. म्हाताऱ्याला चांगलाच चेव आला होता.

शेवटी चहूकडे काही उरलं नाही. मधोमध एक दगड, त्यावर ठोक्या. घण खाली टेकलेला, छाती वरखाली होतेय.

बुवांनी बोट उचललं.

...

बराच वेळ झाला. निनादला राहवेना.

"बुवा, मारा ना. तो दगडही फुटतो."

"असू दे."

"अडलात का?"

"नाही रे. दमलाय तो. जरा बसवतो त्याला. कुठलं बटण?"

निनादने हात पुढे केला, आणि तो तसाच राहिला.

"बटण नाही. त्याला... बसता येत नाही."

"येत नाही?"

"घण चौदा तऱ्हांनी मारतो. लोळून, कोलांटी घेऊन, भिंतीला पाय लावून. पण बसणं..." तो घुटमळला. "ते कुणाला लागेल असं वाटलंच नाही कधी."

बुवा पडद्याकडे बघत राहिले. ठोक्या धापा टाकत होता.

"तीन वर्षांत?"

"वेळ कुठे होता, बुवा!" निनादचा आवाज चढला. "आणि आता शुक्रवार तोंडावर आलाय. चार दिवसांत त्याला बसायला शिकवू म्हणता? कसं? कोण करणार? मी एकटा उरलोय..."

त्याला एकदम रडू आलं, आणि एवढ्या मोठ्या माणसाला रडू यावं याची लाजही वाटली.

...

बुवांनी लॅपटॉप उचलून बाजूला ठेवला. मिटला नाही. मग घोंगडीवर थोडं सरकून त्यांनी शेजारी जागा केली.

"त्याचं मागून बघू," ते म्हणाले. "आधी तू बस."