धुरपाआत्याचा मागचा दरवाजा

फार वर्षांपूर्वी, पायरवाडीच्या घाटाला अजून गाडीवाट फुटली नव्हती तेव्हा, वाडीच्या टोकाला धुरपाआत्या राहायची. सख्खी आत्या ती कुणाचीच नव्हती, पण हाक सगळे आत्या म्हणूनच मारायचे. एका दुष्काळात तिचा नवरा गेला आणि मागोमाग तीन वर्षांची लेक गेली. घरात दाणा नव्हता हे खरं, पण मोरीचं पाणी रोज मागच्या दारी वाया जात होतं, आणि तिथं चार वेल लावावेत हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिच्या जिवाला इतकं लागलं की पुढं जन्मभर ती दुसरं काही बोललीच नाही, असं म्हणतात.

मग ती शिकली. कुणाकडून, ते कुणाला माहीत नाही. तिच्या परसात सकाळी तोडलेला दोडका दुपारी पुन्हा लोंबायचा, असं म्हणतात. आता यात थोडं पदरचं घातलं असेल, पण ज्यांनी दोडक्याचा वेल पाहिलाय त्यांना ते फार खोटं वाटायचं नाही.

दूरदूरच्या वाड्यांतून बाया तिच्याकडे शिकायला येऊ लागल्या. आत्या एका वेळी एकीलाच ठेवून घ्यायची, मृगापासून दिवाळीपर्यंत. पहिले आठ दिवस बियाला हात लावू द्यायची नाही. म्हणायची, "आधी पानी कुठं जातंय ते बघ. बी कुठं पळून जात न्हाई." मग वाफे, मांडव, राख, आणि शेवटी बी शेणात दाबून त्याच्या चकत्या मागच्या भिंतीला थापायच्या, म्हणजे कीड लागत नाही. एवढं झालं की परीक्षा. "तुझ्याशी जी बोलत न्हाई, तिला शिकवून ये." एकीने म्हणे हात जोडले होते, की आत्या, विहीर खणायला सांगा, पण जावेला शिकवायला सांगू नका!

जाणारीच्या ओटीत आत्या भिंतीवरची एक चकती घालायची आणि बजावायची, "ह्ये बी मला परत आनू नगं. जितं शिकवनारं कुनी न्हाई तितं जा, आन् फुडच्या दाराला दे."

इथंच तिचं चुकलं. बाई बाईच्या दारी जाते ती काहीतरी परत द्यायच्या निमित्ताने, कधी सूप, कधी वाटी, कधी मूठभर बी. आत्याने ते निमित्तच मोडून टाकलं. गेलेली एकही परत आली नाही. सगळ्या तिचा शब्द पाळत होत्या, आणि आत्या मागच्या दारात बसून वाटेकडे बघत होती.

शेवटची आली ती हौसा. तिच्यात आत्याचा फार जीव गुंतला. हौसा तिची वेणी घालायची, तिला दटावून जेवायला बसवायची. दिवाळी झाली, दुसरी दिवाळीही झाली, तरी आत्या तिला चकती देईना. पण खाली तळबेरला पोरं उपाशी निजतात असं कानावर आलं, आणि आत्याने भिंतीला हात घातला.

"आत्या, मी येऊ का परत कधी?" हौसाने विचारलं.

"कशाला? बी हाय की तुझ्यापाशी."

पुढं कितीतरी दिवस आत्या दोन ताटं मांडायची आणि एक उचलून ठेवायची.

वर्षं गेली. आत्या पार वाकली. एका पावसाळ्यात मागची भिंत बसली आणि सगळं बी चिखलात कुजलं. वाडीत कुणाच्याही दारी मागितलं असतं तर मिळालं असतं, पण परत घ्यायचं नाही हा नियम तिचाच. परस ओस पडलं. आता आपण अशाच जाणार, कुणाला कळणारही नाही, हे तिला कळून चुकलं.

आणि एका सकाळी पडक्या भिंतीवर दोडक्याच्या वेलाचा शेंडा दिसला. आत्याने तो धरून पाहिला. वेल कुंपणाबाहेर गेला होता, खिंडीतून खाली उतरला होता. अख्खा घाट चढून तो तिच्या दारी आला होता, असं म्हणतात. आत्या वेल धरून काठी टेकत निघाली. वाटेत वाडीमागून वाडी लागली. प्रत्येक घरामागं हिरवंगार परस, आणि तिला ओळखणारं कुणीच नाही.

वेलाचं मूळ तळबेरला एका परसात होतं. तिथं मंजुळा नावाची तरणी बाई काम करत होती.

"बसा आजी. बी पायजे व्हय? आधी पानी कुठं जातंय ते बघा."

आत्या वेल सोडून खाली बसली. "तुला कुनी शिकवलं गं?"

"हौसाकाकूनं. ती गेली आवंदा."

"आन् हौसाला?"

"घाटावर कुनी आत्या व्हती म्हनं. हौसाकाकू लई आठवन काढायची. पन तिच्याकडं परत जायचं नसतं."

आत्याच्या डोळ्यांना धार लागली. "बी आनू नगं म्हनलं व्हतं म्या, पोरी," ती म्हणाली. "मानसानं येऊ नगं, असं न्हवतं म्हनलं."

मंजुळाने कुदळ टाकली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. आत्या तिथं आठ दिवस राहिली, मंजुळाच्या हातचं जेवली. नवव्या दिवशी अंथरूण रिकामं होतं. त्या संध्याकाळी तळबेरपासून पायरवाडीपर्यंत सगळा वेल एकदम पिवळा फुलला, असं म्हणतात.

आजही त्या वाड्यांतल्या बाया परसबाग शिकतात आणि दुसऱ्या गावी शिकवायला जातात. बी पुढच्याच दाराला देतात. पण ऋषिपंचमीला प्रत्येकीने आपल्याला शिकवणारीच्या घरी जायचंच, आणि तेही रिकाम्या हाताने. काही नेलं तर शिकवणारी दारातून परत धाडते. मागच्या दाराने आत जायचं, पाटावर बसायचं, जेवायचं. शिकवणारी हयात नसेल, तर पायरवाडीला जाऊन आत्याच्या दारी बसायचं.

घर कधीच पडलं, उंबरठा तेवढा शिल्लक आहे. त्या दिवशी तिथं बसायला जागा मिळत नाही.