शीत दाबलंत का?

एका गावात एक आचारी होता आणि त्याच्याकडे एक निळी मोटार होती. मोटार म्हातारी, आचारी हौशी. पंचक्रोशीत कुठंही लग्न निघालं की मागच्या सीटवर कढया, डिकीत झारे आणि टपावर मोठं पातेलं उपडं बांधून स्वारी निघायची. पोरं म्हणायची, मोटारीनं टोपी घातली.

आचारी तसा मोकळा माणूस, पण एका बाबतीत भलता खडूस. हाताखालच्या कुणी "काका, भात झाला" म्हटलं तर मानायचाच नाही. झाकण उचलायचा, भाताचं एक शीत बोटांत धरून दाबायचा आणि मगच पंगत बसवायचा. "वाफ काय, नुसत्या पाण्यालाही येते," असं तो रोज म्हणायचा आणि हाताखालची माणसं ते रोज ऐकून कंटाळायची.

त्या वर्षी लग्नांची कामं इतकी आली की निळी मोटार पुरेना. आचाऱ्यानं एक टेम्पो ठरवला आणि विसार देऊन टाकला. बाकीची रक्कम मोटार विकून द्यायची होती. मोटारीचे पैसे आले नाहीत तर टेम्पो जाणार, विसार बुडणार आणि घेतलेली लग्नंही हातची जाणार. पण असलं वाईट कोण बोलतंय? नवराबायको टेम्पोवर नाव कुठं रंगवायचं यावरून दोनदा भांडलीसुद्धा.

एका रविवारी दुपारी गिऱ्हाईक आलं. कपडे कडक इस्त्रीचे, हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा. त्यानं मोटारीला एक चक्कर मारली आणि म्हणाला, "दोन लाख दहा हजार म्हणालात ना काका? दिले."

जुनी मोटार घ्यायची आणि घासाघीस नाही, म्हणजे तुमच्याआमच्या मनात पाल चुकचुकली असती. आचाऱ्याच्या मनात मात्र टेम्पो होता.

आता त्या गावात वाहन विकायची एक रीत होती. बॉनेटवर हळदीकुंकू वाहायचं, चाकापुढं नारळ फोडायचा. मग विकणाऱ्यानं घेणाऱ्याच्या हातावर किल्ली आणि कागद ठेवायचे, घेणाऱ्यानं त्याच्या तोंडात पेढा घालायचा. पेढा तोंडात पडला की व्यवहार संपला. त्यानंतर पैशाचं बोलणं म्हणजे पाहुण्याच्या पुढचं ताट ओढणं. आलेल्या गिऱ्हाइकाला ही रीत चांगली ठाऊक होती, म्हणून तर पुडा आणला होता.

त्यानं फोनवर बोटं फिरवली. "पैसे सोडले काका. बघा तुमच्या फोनवर."

आचाऱ्याचा फोन वाजला. 'आपल्या खात्यात दोन लाख दहा हजार रुपये जमा.' आचाऱ्यानं ते मोठ्यानं वाचलं, मग आणखी मोठ्यानं वाचलं. शेजारीपाजारी गोळा झाले. कुणी हार आणला, कुणी मोटारीबरोबर फोटो काढून घेतला. नारळ फुटला. आचाऱ्याचे डोळे आनंदानं भरून आले. त्यानं कागदावर सही करायला पेन उघडलं, किल्ली मुठीत घेतली आणि पेढ्यासाठी तोंडही उघडलं.

तेवढ्यात हळदीकुंकवाचं ताट घेतलेली त्याची बायको हळूच म्हणाली, "अहो, शीत दाबलंत का?"

आचाऱ्याचं तोंड मिटलं.

त्यानं फोन पुन्हा पाहिला. निरोप आला होता खरा, पण तो बँकेच्या नावानं नव्हता, कुठल्यातरी साध्या नंबरावरून होता. आणि पैसे तर त्यानं डोळ्यांनी पाहिलेच नव्हते. पाहिली होती ती वाफ.

"पाहुणे," तो म्हणाला, "आज रविवार. उद्या दहाला बँक उघडेल. दोघं मिळून जाऊ, पासबुकात नोंद बघू आणि तिथंच किल्ली देतो."

"मुहूर्त टळतोय काका. आणि एवढ्या लोकांत माझ्यावर अविश्वास?"

शेजारीही कुजबुजले. नारळ फुटल्यावर असं कुणी बोलतं का? आचाऱ्याचे कान लाल झाले. लाज वाटली त्याला, खूप वाटली. पण किल्लीवरची मूठ काही उघडली नाही.

"रागावू नका," तो म्हणाला. "माझा माझ्या भातावरही विश्वास नसतो, मी दाबून बघतो. तुम्ही आज इथंच राहा. मसालेभात करतो, जिलेबी करतो. झोपायला माडी मोकळी आहे."

असं आमंत्रण कुणी टाळतं का? पाहुण्यानं टाळलं. "घरी फोन करून येतो," म्हणत तो वळणापर्यंत गेला आणि गेला तो गेलाच. पेढ्यांचा पुडा मोटारीच्या टपावर तसाच राहिला.

सोमवारी आचारी बँकेत गेला. रोखपालानं पासबुक छापून दिलं. खात्यात जुनेच तेराशे चाळीस रुपये होते. आचारी बाकावर मटकन बसला आणि दोन ग्लास पाणी प्याला. घरी येऊन बायकोला म्हणाला, "आजपासून मोठ्या पातेल्याचं झाकण तू उचलायचंस." तिला हसू आवरेना.

आठ दिवसांनी शेजारच्या गावच्या नर्सबाई मोटार बघायला आल्या. त्यांनी चार वेळा घासाघीस केली, टायर लाथेनं ठोकून बघितले, पाच हजार कमी करून घेतले आणि स्वतःच म्हणाल्या, "चला बँकेत. तुमच्यासमोर खात्यात टाकते." नोंद पासबुकात उमटली, आचाऱ्यानं ती दोनदा वाचली, मग सही केली आणि किल्ली दिली. नर्सबाईंनी आणलेला पेढा तिथंच बँकेच्या दारात आचाऱ्याच्या तोंडात पडला. उरलेला पुडा रोखपालाला मिळाला आणि टेम्पो आचाऱ्याला.

तेव्हापासून त्या गावात वाहन विकलं की पेढा बँकेच्या दारातच देतात. रीत तीच राहिली, फक्त जागा बदलली. रोखपालाचं पोट तेवढं सुटलं आहे.

तात्पर्य, आचाऱ्याच्याच शब्दांत: पैसे आल्याचा निरोप म्हणजे वाफ, खात्यातली नोंद म्हणजे शीत. ते दाबून बघितल्याशिवाय किल्ली देऊ नका, आणि बघताना लाजू नका.