काचेवरचं पाणी

त्या दिवशी धुकं होतं. मार्गशीर्षातलं, दाट. नऊ वाजून गेले तरी रस्त्यापलीकडची चिंच दिसत नव्हती. पाऊस नव्हता, पण शेडच्या पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं.

“मग बिघडलंय काय?” चाचांनी तिसऱ्यांदा विचारलं.

मी बॉनेट वर धरून उभा होतो.

“बिघडलं काहीच न्हाई, चाचा.”

“मोटर फिरती?”

“फिरती.”

“पाणी दोन्ही बाजूला सारखं पडतंय?”

“सारखं.”

“फ्यूज घातलास?”

“घातला की.”

“मग माझ्याकडं कशाला आलास?”

मी बॉनेट खाली सोडलं.

“हौसा गाडीत बसंना झालीया.”

चाचा बशीतला चहा फुंकत होते. फुंकायचं थांबले... पुन्हा फुंकायला लागले.

दस्तगीर चाचा म्हणजे आमच्या शेजारचे मिस्त्री. त्यांच्या आणि आमच्या घरात एक मेंदीचं कुंपण, तेवढंच काय ते अंतर. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. लग्नाआधी पाच-सहा वर्षं त्यांच्या शेडमध्ये होतो, आणि हाताला जे काही येतं ते तिथंच आलं. पुढं मी चिरमुऱ्याचा धंदा धरला. तरी गाडीचं काही केलं की चाचांना दाखवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. त्यांनी ‘बरं हाय’ म्हटलं की दिवस सार्थकी लागला. त्याच्यापुढं जाऊन ते कधी काही म्हणाले नाहीत, कुणालाच.

गाडी म्हणजे जुनी फियाट. गडहिंग्लजच्या एका डॉक्टरकडून घेतलेली. टपावर चिरमुऱ्याची पोती बांधली की लांबून वाटायचं, कापसाचा ढीगच रस्त्यानं चाललाय. आठवड्याला तीन बाजार करायचो. मी चालवायचो, शेजारी माझी बायको हौसा, तिच्या मांडीवर चिरमुरे मोजायचं मापटं.

त्या गाडीत काचेवर पाणी मारायला मोटर नव्हती. डॅशबोर्डाच्या मधोमध एक काळं बटण होतं, सुपारीएवढं. त्याच्या मागं रबर. अंगठ्यानं जोरात दाबलं की बॉनेटखालच्या बाटलीतलं पाणी दोन बारीक धारांनी काचेवर यायचं. वीज नाही, वायर नाही. अंगठ्याचा जोर तेवढा लागायचा.

तेच काढून मी मोटर बसवली होती. जुन्या बाजारातनं मोटर आणली, चार दिवस खपलो, वायरी दोऱ्यानं बांधून ओळीत नेल्या. बटण स्टिअरिंगजवळ, माझ्या बोटापाशी. बोट लावलं की फवारा. मला वाटत होतं, या वेळी चाचा ‘बरं हाय’च्या पुढं एक शब्द तरी जातील.

“बसंना झाली म्हणजे?” चाचांनी विचारलं.

“म्हणजे यष्टीनं जाती. मापटं, टोपली, सगळं घेऊन स्टँडवर उभी राहती. मी गाडी घेऊन एकटा मागनं. बाजारात दोघं एकाच पालाखाली बसतो, आणि येताना ती परत यष्टीनं. तीन आठवडे झाले. गावात लोक हसाय लागलेत, चाचा. कुणी म्हणतंय सटुप्पानं बायको सोडली, कुणी म्हणतंय बायकोनं फियाट सोडली.”

“तिला दाखवलंस हे?”

“पयलं तिलाच दाखवलं.”

“काय म्हणाली?”

“खूश झाली की. म्हणाली, बरं झालं, गाडी शाणी झाली तुमची.”

चाचांनी बशी खाली ठेवली.

“तुमची?”

“व्हय. तुमची.”

ते उठले. गाडीच्या डाव्या बाजूचं दार उघडलं आणि आत वाकून बघायला लागले. मोटर राहिली बाजूला, वायरी राहिल्या बाजूला. त्यांनी डॅशबोर्डावरून हात फिरवला. जुन्या बटणाच्या भोकावर मी पत्र्याची टिकली मारली होती. तिच्याशेजारी येऊन त्यांचं बोट थांबलं.

“हितं काहीतरी होतं.”

“घासलं होतं, चाचा. रंग गेला होता. आतला पत्रा दिसत होता, चंद्रकोरीगत. मी रंग मारला. कळतंय का बघा.”

“न्हाई कळत.”

मला बरं वाटलं.

“घासलं होतं कशानं?”

“बांगड्यांनी. हौसाच्या... पाणी तीच मारायची.”

चाचांनी त्या रंगावरून नख फिरवलं.

मग मीच बोलत राहिलो. त्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालायच्या, चाकाला चिखल. एखादी पुढं आली की काच तांबडी व्हायची. मला दोन्ही हात स्टिअरिंगवर लागायचे, खड्डेच तसले होते. मी ‘पाणी’ म्हणायच्या आधी हौसाचा अंगठा बटणावर असायचा. धार पडायची, बांगड्या किणकिणायच्या, वायपर फिरायचा. सगळं एका दमात. तोंडानं तिची पिकापाण्याची बडबड चालूच असायची, या शेतात काय लावलंय, त्या शेतातलं काय गेलं, आणि डोळा काचेवर. बाटली तीच भरायची, पदरातनं गाळून. पाणी यायची छिद्रं सुईच्या टोकाएवढी, कणसुद्धा चालायचा नाही. सतरा वर्षं. आता तो रस्ता रुंद झाला. चिरमुरे बंद पिशवीत दुकानात टांगलेले असतात. पण अजून कुठं बांगड्या वाजल्या की मला आधी काच आठवते.

“मग काढलास कशाला?” चाचा म्हणाले.

“तिचा अंगठा सुजतोय. पेरं धरलीत. रबर पण ताठ झालं होतं. तिला त्रास नको म्हणून केलं सगळं. तिच्यासाठीच केलं, चाचा.”



मग गुडघा हातानं उचलून ते डावीकडच्या सीटवर बसले. दार ओढून घेतलं.

“चल.”

“कुठं?”

“बाजाराला निघाल्यागत चालव.”

आम्ही निघालो. धुक्यात दिवे लावून, हळू. फाट्याच्या पुढं एक ट्रॉली आडवी आली आणि काच चिखलानं भरली. मी बोट लावलं. फवारा आला, वायपर फिरला, काच लख्ख. मी हळूच चाचांकडं बघितलं.

ते समोर बघत होते.

पुन्हा चिखल आला. पुन्हा बोट लावलं, पुन्हा लख्ख. तिसऱ्यांदाही. इतकं सुरेख काम त्या मोटरनं पुन्हा कधी केलं नसेल.

चाचांचे हात मांडीवर होते. मग त्यांनी ते गुडघ्यावर ठेवले. मग घडी घातली. मग एक हात उचलून डॅशबोर्डाकडं नेला, रंग मारलेल्या जागेवर टेकवला... आणि मागं घेतला.

“सटुप्पा.”

“जी.”

“मी हात कुठं ठेवू?”

“कसले, चाचा?”

“हे हात. कुठं ठेवू?”

“ठेवा की मांडीवर. निवांत बसा.”

“निवांत...” एवढंच म्हणाले, आणि खिडकीतनं बाहेर बघायला लागले. बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं.

पुलापाशी आलो आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मी गाडी कडेला घेतली.

ही तीच जागा होती. पावसाळा संपताना इथंच काच भरली होती. हौसानं अंगठा लावला, पाणी आलं नाही. दुसरा अंगठा वर ठेवून दाबलं, तरी आलं नाही. मला समोरचं दिसेना. गाडी पुलाच्या कठड्याला घासून थांबली. कुणाला काही झालं नाही. टपावरचं एक पोतं मात्र फुटलं आणि चिरमुरे ओढ्यावरनं उडत गेले.

“मी तिला हितं एक बोललो होतो,” मी म्हणालो.

“काय?”

“म्हणालो, तुझ्या अंगठ्यात आता दम न्हाई ऱ्हायला. ऱ्हाऊ दे, मीच बघतो कायतरी.”

“मग?”

“मग काय... तिनं मापटं उचलून मांडीवर घेतलं. घरापर्यंत तसंच.”

 वायपर कोरड्या काचेवर घासत होता. चाचांनी हात लांब करून तो बंद केला.

“गाडी फिरीव,” ते म्हणाले.

शेडमध्ये आल्यावर मी पेचकस घेतला. काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. टिकलीचे दोन स्क्रू काढले. जुनं भोक मोकळं झालं. माझ्या बाजूचं बटण सोडवलं आणि वायर मधोमध आणायला लागलो. ती वीतभर कमी पडली.

मागं वळलो तर चाचा वायरीचं भेंडोळं घेऊन उभे होते.

“हे बटण पण कडक हाय,” ते म्हणाले. मग त्यांच्या डब्यातनं त्यांनी एक जुनं हॉर्नचं बटण काढलं आणि करंगळीनं दाबून दाखवलं. “हे लाव. फुंकर मारली तरी दबंल.”

लावलं.

“माझ्या बाजूला भोक राहतंय, चाचा. टिकली हाय ही. तिकडं मारू का?”

“नको. एक भोक तुझ्या बाजूला राहू दे.”

मी काम झालं म्हणून हात पुसत उभा राहिलो. ‘बरं हाय’ काही आलं नाही. ते चहाची बशी धुवायला आत गेले होते.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. हौसा टोपली घेऊन स्टँडवर निघाली. मी बॉनेट उघडून उभा होतो.

“अगं, जरा पाणी गाळून दे. नळाच्या पाण्यानं छिद्रं धराय लागलीत.”

“मोटर हाय की तुमची. तिला सांगा.”

“मोटर हाय. पण कवा मारायचं ते तिला कुठं कळतंय?”

ती थांबली. टोपली खाली ठेवली. आत जाऊन तांब्या आणला आणि पदर धरून बाटली भरली. एक थेंब सांडला नाही. मी तिच्याकडं बघत नव्हतो, म्हणजे बघत होतो, पण तिला कळू न देता.

तांब्या ठेवायला जाताना तिनं सहज डाव्या खिडकीतनं आत बघितलं.

दार उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही...

मग बांगड्या वाजल्या.

मी बॉनेट लावून तसाच त्यावर वाकलेलो. फवारा काचेवरनं उसळला आणि सगळा माझ्या तोंडावर आला. डोळ्यांत, मिशीत, गळ्यात. पहाटेचं गार पाणी.

“अगं ए!”

“दम हाय का बघत होते,” आतनं आवाज आला.

मी तोंड पुसलं तोवर टोपली मागच्या सीटवर गेली होती, आणि मापटं मांडीवर. कुंपणापलीकडं चाचा कोंबड्यांना दाणे टाकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

गाडी अजून माझ्या दारात आहे. हौसा नाही, चाचाही नाहीत. नातवंडं विचारतात, आबा, ही कशाला ठेवलीय, त्यापेक्षा भंगारात बरे पैसे येतील. मी म्हणतो, असू दे. परवा कधीतरी आत जाऊन बसलो होतो. मधल्या बटणाशेजारी रंग पुन्हा गेलाय, चंद्रकोरीएवढा. तो मी आता बुजवत नाही.

पण ते पुढचं झालं. त्या वेळी आठच दिवसांत मी मेंदीच्या कुंपणापाशी उभा होतो, आणि माझी तक्रार होती.

“चाचा, ही बाई ऐकंना झालीया.”

“आता काय झालं?”

“काच कोरडी ठणठणीत असू दे, मारती. वळण आलं की मारती. ओळखीचं माणूस दिसलं की मारती. काल एका सायकलवाल्याला आंघोळ घातली, तो शिव्या देत मागं लागला, आणि ही हसतीया. बाजाराचं गाव यायच्या आधी बाटली रिकामी! मग खराखुरा चिखल येतो तवा एक थेंब नसतो. सांगा आता, काय करू मी?”

चाचांनी मेंदीची एक वाकडी फांदी धरली. ती सरळ होते का बघितलं. ती झाली नाही, सोडून दिली.

“मग बाटली मोठी बसव.”